सापाचं विष उतरलं, मग दहाव्या दिवशी अंगावर गांधी आणि सांधेदुखी कशी?

गिरणाकाठ · रात्री 9:12

राम राम मंडळी. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

गाव भडगाव तालुक्यात. बारा दिवसांपूर्वी आमचे नाना (वय 61) केळीच्या बागेत ठिबकची नळी सरळ करायला वाकले. फुस्स असा आवाज आला. नानांना वाटलं नळीतून हवा निघतेय, म्हणून वाळल्या पानांत हात घालून गळती शोधायला लागले. ती घोणस होती. उजव्या हाताचं मधलं बोट.

तासाभरात हात कोपरापर्यंत सुजला. दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं ठेवलं, ते गोठलंच नाही. लसीच्या 10 कुप्या लावल्या, सहा तासांनी रक्त परत तपासलं, तरी पातळच, म्हणून आणखी 10. दुसऱ्या दिवशी रक्त गोठायला लागलं. पाचव्या दिवशी घरी. सूज ओसरली, भाकरी खाऊ लागले, सगळं बरं.

आणि दहाव्या दिवशी अंगभर गांधी, ताप, गुडघे आणि मनगटं अशी धरली की पाण्याचा तांब्या उचलेना. आता गावात दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो विष पुरतं उतरलंच नव्हतं, आता बाहेर पडतंय. दुसरा म्हणतो पथ्य मोडलं, पाचव्या दिवशी वांग्याचं भरीत खाल्लं. (खाल्लं होतं हे खरं आहे.)

अजून एक. पहिल्या दिवशीच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी 18,400 होत्या. त्या वेळी ड्युटीवरच्या एकांनी "इन्फेक्शन आहे" म्हणून महागडी अँटिबायोटिक सुरू केली. चार तासांत इन्फेक्शन होतं का? नक्की चाललंय काय, कोणी नीट सांगेल?

केळीवाला_यावल · रात्री 9:31

भाऊ, विष अंगात राहतंच. आमच्या चुलत आज्याला तरुणपणी पान लागलं होतं, दर नागपंचमीला त्याचा पाय सुजायचा. शेवटपर्यंत. आता तुमचं सायन्स काय म्हणतं ते म्हणो.

भरीत मात्र निर्दोष आहे. त्याच्यावर आळ घेऊ नका.

एमओ_धडगाव · रात्री 10:05

गिरणाकाठ भाऊ, आधी कामाचं. उद्या सकाळी नानांना परत घेऊन जा, शक्यतो जिथं लस दिली तिथंच, डिस्चार्ज कार्डासकट. ही लक्षणं सीरम सिकनेसची दिसतात, म्हणजे लसीवर शरीराची उशिरा उठलेली प्रतिक्रिया. लस दिल्यापासून साधारण पाच ते चौदा दिवसांत येतात: ताप, गांधी, खाज, सांधे, कधी गाठी. उपचार आहे आणि साधा आहे. पण लघवी किती होते ते आज रात्रीच विचारा, आणि उद्या लघवी व क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासून घ्या. घोणस किडनीवर हात टाकते, त्यामुळं "लसीचाच त्रास असेल" असं समजून घरी बसू नका.

विष "बाहेर पडत" नाहीये. दहाव्या दिवशी त्रास देतोय तो साप नाही, घोडा आहे.

केळीवाला_यावल · रात्री 10:08

घोडा??

एमओ_धडगाव · रात्री 10:26

हो. आपल्याकडची सर्पदंशावरची लस घोड्याच्या रक्तातून काढतात. घोड्याला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष अगदी थोडं थोडं, वाढवत टोचतात. घोड्याच्या बी पेशी (पांढऱ्या पेशींचीच एक जात) त्यावर प्रतिपिंडं, म्हणजे विषाला धरून निकामी करणारी प्रथिनं बनवतात. ती प्रतिपिंडं वेगळी काढायची, पेप्सिन या पाचक विकरानं (एन्झाइमनं) त्यांची शेपटी कापायची, आणि कुपीत भरायची. 1890च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी अशी लस पहिल्यांदा बनवली; पेप्सिन नंतर आलं, बाकी मूळ पद्धत आजही तीच.

20 कुप्यांचा हिशोबही सांगतो, लोकांना वाटतं डॉक्टर बिल वाढवायला लावतात. एक घोणस एका दंशात सरासरी 63 मिलिग्रॅम विष सोडते. लसीचा 1 मिली घोणशीचं 0.6 मिलिग्रॅम विष निकामी करतो. कुपी 10 मिलीची. म्हणजे 10 कुप्या म्हणजे 60 मिलिग्रॅम. म्हणून सुरुवात 8 ते 10 कुप्यांनी. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप वजन बघून विष सोडत नाही. रक्त गोठेना तर सहा तासांनी परत. नानांना दिलं ते बरोबरच दिलं.

पेशींचा भाग कोणी जाणकार असेल तर लिहा, उद्या माझी ओपीडी आहे.

सूक्ष्मदर्शी · रात्री 11:40

मी लिहिते. मूळची अमळनेरची, सध्या पुण्यात, काम याच पेशींवर.

गिरणाकाठ, तुमचे दोन्ही प्रश्न (18,400 आणि दहावा दिवस) एकाच धाग्याची दोन टोकं आहेत. पहिल्या दिवसापासून सुरू करू.

घोणशीचं विष म्हणजे एक पदार्थ नाही, प्रथिनांचं कालवण आहे. त्यातली दोन महत्त्वाची. एक फॉस्फोलिपेज, ते पेशीच्या पापुद्र्यातलं स्निग्ध कापतं. कापल्यावर जो तुकडा सुटतो त्यापासून आपलंच शरीर प्रोस्टाग्लँडिन बनवतं, म्हणजे ठणका आणि सूज. दुसरं मेटॅलोप्रोटिनेज, ते केशवाहिन्यांना बाहेरून धरून ठेवणारं कोलॅजेनचं जाळं विरघळवतं, वाहिनी झिरपायला लागते.

आता त्या बोटात आपली माणसं कोण? मास्ट पेशी आणि मॅक्रोफेज तिथंच वस्तीला असतात. मास्ट पेशीच्या पोटात हिस्टामिनच्या (सूज आणि खाज आणणाऱ्या रसायनाच्या) पुड्या भरलेल्या असतात, ती मिनिटांत फुटते. मॅक्रोफेजला फुटलेल्या पेशींचा मलबा दिसतो. पेशीच्या आत राहायला हवा तो डीएनए बाहेर लोंबकळताना दिसला की ती समजते घर फुटलं, आणि रक्ताकडं निरोप धाडते. निरोप ऐकून येतात न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींतलं पायदळ, हजारोंनी. शिवाय शरीर घाबरलेलं असतं, अ‍ॅड्रेनलिनमुळं वाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले न्यूट्रोफिलही प्रवाहात उतरतात. तुमचे 18,400 म्हणजे हे. चार तासांत जंतू एवढे वाढत नाहीत. घुसलं होतं ते विष. लढाई तीच, शत्रू वेगळा, आणि रिपोर्टात फक्त सैनिकांची संख्या छापून येते.

कापसाच्या जिनिंगला आग लागलेली पाहिली असेल. बंब येतो, आग विझते, पण निम्म्या गाठी जळून जातात आणि उरलेल्या पाण्यानं कुजतात. नानांच्या हातातली सूज अशी होती. काही विषानं, काही बंबानं.

एमओ_धडगाव · सकाळी 7:15

बरोबर. दंशानंतर सरसकट अँटिबायोटिक लागत नाही. जखम कुजायला लागली, फोड फुटले, किंवा कोणी ब्लेडनं चिरा मारला असेल तर गोष्ट वेगळी. आमच्याकडं सातपुड्यात तो चिरा हमखास असतो, त्यामुळं आम्ही देतो. आणि दोरीही असते, इतकी करकचून की बोटं निळी. दोरी बांधू नका हे लिहून लिहून हात दुखले. अवयव हलू द्यायचा नाही, बस.

सापवाला_चोपडा · सकाळी 8:50

मी सर्पमित्र आहे, 11 वर्षं झाली. नाग 2 वेळा, फुरसं 1 वेळा चावलंय. पहिल्या वेळी 8 दिवस पडलो, तिसऱ्या वेळी लस न घेताच उठलो. माझ्या मते शरीराला सवय होते. घोड्याला होते तर माणसाला का नाही? तुम्हीच म्हणताय घोड्याच्या पेशी प्रतिपिंडं बनवतात.

केळीवाला_यावल · सकाळी 8:58

मुद्दा आहे हो. ताई?

सूक्ष्मदर्शी · दुपारी 1:20

मुद्दा आहेच, म्हणून जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.

सापवाले भाऊ, तिसऱ्या वेळी तुम्ही वाचलात याची सर्वात साधी शक्यता म्हणजे तो कोरडा दंश होता. साप चावतो पण विष सोडत नाही किंवा नावापुरतं सोडतो. असं पुष्कळदा होतं, आणि भगताची निम्मी कीर्ती त्यावरच उभी आहे.

आता सवय. घोड्याला ठरलेला डोस, ठरलेल्या दिवसांनी, महिनोन् महिने टोचतात, तेव्हा रक्तात प्रतिपिंडांची पातळी टिकून राहते. तुम्हाला 11 वर्षांत 3 दंश, तेही दोन वेगळ्या सापांचे. नागाविरुद्धचं प्रतिपिंड फुरशाला ओळखत नाही. आणि बी पेशींची आठवण जागी होऊन कारखाना सुरू व्हायला काही दिवस लागतात, नाग श्वास तासांत बंद करतो.

एक माणूस झालाय ज्यानं हे घोड्यासारखंच स्वतःवर केलं. अमेरिकेतले टिम फ्रीड, जवळजवळ 18 वर्षं विष टोचून घेत होते. मध्ये एकदा दोन नाग लागोपाठ चावले आणि ते कोमात गेले, हे लोक सांगायचं विसरतात. त्यांच्या रक्तातून काढलेली दोन प्रतिपिंडं आणि फॉस्फोलिपेज रोखणारं एक औषध असं मिश्रण 2025 साली उंदरांवर तपासलं गेलं, आणि नाग-मण्यारीच्या कुळातल्या 19 सापांविरुद्ध वेगवेगळ्या प्रमाणात उपयोगी पडलं. सुंदर काम आहे. पण घोणस आणि फुरसं त्या कुळातले नाहीतच. चोपड्याला त्याचा उपयोग आज शून्य.

तुम्हाला एक विचारते, खरं सांगा. तिसऱ्या दंशाच्या वेळी पहिल्या पाच-दहा मिनिटांत काय झालं होतं? चावलेली जागा सोडून बाकी अंगावर काही?

सापवाला_चोपडा · दुपारी 2:05

आता विचारलंत म्हणून. अंगभर गांधी उठल्या होत्या. गळा आवळल्यासारखा, आवाज बसला. अर्ध्या तासात उतरलं. मला वाटलं भीतीनं. आणि हल्ली सापाची बरणी धुताना शिंका येतात, डोळे खाजतात. बायको म्हणते धूळ.

सूक्ष्मदर्शी · दुपारी 2:30

ही सवय नाही, उलट आहे. अ‍ॅलर्जी दिसते.

बी पेशी प्रतिपिंडं अनेक जातींची बनवतात. त्यातलं एक आयजीई. ते रक्तात फारसं फिरत नाही, मास्ट पेशीच्या पाठीवर जाऊन बसतं. पुढच्या वेळी तेच विष आलं की सगळ्या अंगातल्या मास्ट पेशी एकदम पुड्या फोडतात. गांधी, गळ्याला सूज, रक्तदाब खाली. वारंवार सापाचं विष हाताळणाऱ्यांना हे होतं हे चांगलं नोंदवलेलं आहे, वाळलेलं विष नाकात जाऊनही. पुढच्या वेळी विष चढायच्या आधी हाच झटका तुम्हाला आडवा करू शकतो. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना भेटा, आणि तोवर बरण्या दुसऱ्याला धुवू द्या. रागावू नका.

गंमत अशी की याच मास्ट पेशींची दुसरी बाजू आहे. 2006 साली स्टॅनफर्डच्या गटानं दाखवलं की ज्या उंदरांत मास्ट पेशीच नाहीत ते सापाच्या विषानं जास्त मरतात. त्या हिस्टामिनच्या पुडीत एक विकरही असतं, कार्बॉक्सिपेप्टिडेज, ते विषातली काही प्रथिनं चावून टाकतं. पुढं त्याच गटानं घोणशीच्या विषावर पाहिलं: उंदराला आधी थोडं विष दिलं, आयजीई तयार झालं, तर नंतरच्या मोठ्या डोसातून तो जास्त वाचला. म्हणजे जिला आपण अ‍ॅलर्जी म्हणून शिव्या देतो ती मुळात कदाचित विषावरचीच योजना असावी. पण उंदराच्या पाठीत मोजून टोचणं वेगळं आणि चोपड्याच्या घोड्यावरून पडणं वेगळं. मोजमाप चुकलं की तीच योजना जीव घेते.

केळीवाला_यावल · दुपारी 2:41

चोपड्याचा घोडा कुठून आला मध्येच 😀

सूक्ष्मदर्शी · दुपारी 2:44

उपाशी लिहिलं की असं होतं.

आखाजीची_झोका · दुपारी 3:30

ताई, मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, धुळ्यात. फुरसं चावलेल्या पेशंटचं बोट काळं पडून झडलेलं पाहिलं. लस वेळेत दिली होती, रक्तही गोठायला लागलं होतं. मग बोट का गेलं?

सूक्ष्मदर्शी · रात्री 9:50

या प्रश्नासाठी धागा वर आणल्याबद्दल धन्यवाद.

लस रक्तातलं विष पकडते. दंशाच्या जागी जे ऊतीत अडकलं, तिथं ती पुरेशी पोचत नाही. पण विष तिथं का अडकतं, याचं एक उत्तर म्हैसूर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली दिलं, आणि ते फुरशावरचंच आहे.

न्यूट्रोफिलला जंतू गिळता आला नाही की तो एक टोकाचा डाव खेळतो. स्वतःचा डीएनए उलगडून जाळ्यासारखा बाहेर फेकतो आणि मरतो. जाळ्याला धारदार विकरं चिकटलेली असतात. जंतू त्यात सापडतो. तापीत भोई जाळं टाकतात तसंच, फक्त इथं जाळं विणायला भोई स्वतःची आतडी वापरतो.

फुरशाचं विष न्यूट्रोफिलला हेच करायला लावतं. पण जाळ्यात जंतू नाही, विष अडकतं. विष तिथंच कोंडतं, बारीक वाहिन्या जाळ्यांनी बुजतात, रक्त पोचत नाही, मांस मरतं. ज्या उंदरांना जाळं टाकताच येत नाही त्यांच्यात ही हानी कमी झाली. आणि डीएनए कापणारं विकर टोचलं की जाळी तुटली, ऊती वाचल्या. फुरशाच्या विषात स्वतःचं असं विकर नसल्यातच जमा असतं, म्हणून जाळी तशीच राहतात.

पण कोंडलेलं विष म्हणजे बाकी अंगात न गेलेलं विष, हेही आहेच. जाळं तोडायचं तर आधी रक्तात लस हजर हवी. माणसांसाठी हा उपचार अजून नाही. तुमच्या पेशंटचं बोट बहुधा या कोंडीत गेलं.

केळीवाला_यावल · रात्री 10:12

मग सोपं आहे ना. पांढऱ्या पेशीच घोळ घालतात तर पहिल्याच दिवशी स्टिरॉइड द्या, सगळ्यांना गप्प बसवा.

एमओ_धडगाव · रात्री 10:40

खूप दिलं गेलंय, वर्षानुवर्षं. दंशाच्या सुजेवर स्टिरॉइडचा फायदा सिद्ध झालेला नाही. कारण विषाची कात्री चालूच असते, तिला स्टिरॉइडशी देणंघेणं नाही. ती थांबवते फक्त लस.

दहाव्या दिवशी मात्र उलट. तेव्हा विष नसतं, फक्त आपल्या पेशींचा गैरसमज असतो. तिथं थोड्या दिवसांचं प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडच, आणि खाजेची गोळी छान काम करते. औषध तेच, दिवस चुकला तर बिनकामाचं.

लस देताना पहिल्या तासात रिअ‍ॅक्शन येऊ शकते, तिला अ‍ॅड्रेनलिन लागतं, ते सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवायचं. काही ठिकाणी अजून आधी कातडीवर टेस्ट डोस देऊन वाट बघतात. ती टेस्ट कोणाला रिअ‍ॅक्शन येणार ते सांगत नाही, फक्त वेळ खाते.

आखाजीची_झोका · रात्री 10:52

आणि नागाचं? त्याच्या विषातही पेशी अशाच भडकतात का?

सूक्ष्मदर्शी · रात्री 11:15

नाग वेगळा बदमाश. त्याच्या विषात पेशीच्या पापुद्र्याला भोकं पाडणारी लहान प्रथिनं असतात, त्यात पांढऱ्या पेशीही फुटतात. शिवाय एक प्रथिन आपल्या रक्तातल्या कॉम्प्लिमेंट नावाच्या साखळीतल्या सी3 या प्रथिनाचा वेष घेऊन येतं. ही साखळी जंतूंवर खुणा करून पेशींना बोलावते. नागाचं तोतया प्रथिन ती साखळी अखंड चालू ठेवतं, इतकी की सगळा साठा संपून जातो. आम्ही प्रयोगशाळेत प्राण्याचं कॉम्प्लिमेंट रिकामं करायला हेच वापरतो.

मण्यारीत ऊती जाळणारा भाग कमी, सगळा भर नसांवर. दुखत नाही, सुजत नाही, पेशींना कोणी हाक मारत नाही. म्हणून रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या घेऊन उठतो आणि घरचे म्हणतात पित्त झालंय. सूज नाही म्हणजे विष नाही, असं मण्यारीच्या बाबतीत कधी धरू नका.

गिरणाकाठ · दुसऱ्या दिवशी, सायंकाळी 6:20

मंडळी, नानांना दाखवून आणलं. सीरम सिकनेसच निघाला. लघवी ठीक, क्रिएटिनिन 1.1. गोळ्या सुरू केल्या, आज मनगट वळतंय. पण दहा दिवसच का, हे तिथं कोणी सांगितलं नाही, गर्दी फार.

सूक्ष्मदर्शी · रात्री 8:05

बरं वाटलं वाचून.

20 कुप्या म्हणजे 200 मिली परकं द्रव्य, घोड्याच्या प्रथिनांनी भरलेलं. नानांच्या बी पेशींना ते ओळखून त्यावर प्रतिपिंडं बनवायला आठवडाभर लागतो. बनली की घोड्याचं प्रथिन आणि नानांचं प्रतिपिंड यांचे गुंते होतात. ते रक्तात फिरत सांध्यांच्या आणि कातडीच्या बारीक वाहिन्यांत बसतात. तिथं कॉम्प्लिमेंट पेटतं, न्यूट्रोफिल येतात, आणि समोर शत्रू नसताना विकरं ओततात. पहिल्या दिवशी बोटात आलेले तेच हे, आता गुडघ्यात.

1905 साली व्हिएन्नात फॉन पिर्के आणि शिक यांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं. घटसर्पावर घोड्याचं सीरम दिलेली मुलं आठ-दहा दिवसांनी अशीच आजारी पडत. त्यांनी हे ओळखलं की आजार सीरममध्ये नाही, मुलांच्या उत्तरात आहे. पुढच्याच वर्षी पिर्केनं "अ‍ॅलर्जी" हा शब्द घडवला.

एमओ_धडगाव · रात्री 8:30

गिरणाकाठ, एक करा. नानांच्या फाइलवर ठळक लिहून ठेवा: घोड्याची लस घेतलेली आहे, 20 कुप्या, तारीख. पुढं कधी दंश झाला आणि गरज पडली तर लस घ्यायचीच, नाही म्हणायचं नाही. फक्त डॉक्टरांना आधी सांगायचं, म्हणजे ते तयारीत राहतील.

गिरणाकाठ · रात्री 9:02

लिहिलं. कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवलंय, विहिरीच्या लाइटबिलाशेजारी.

नानांना ताईंचं सगळं वाचून दाखवलं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मंग मन्हा आंगमा आते घोडा शे का?" माय म्हणाली, "शे ना, काम सांगं का लगेच दुखस."

केळीवाला_यावल · रात्री 9:10

आज्याच्या पायाचं कोणीच सांगितलं नाही पण.

एमओ_धडगाव · रात्री 9:24

पावसाळ्यात सुजायचा ना? दंशानं खोलवरचं मांस आणि लसिकावाहिन्या गेल्या की पाय कायमचा अधू राहू शकतो, आणि चिखलात काम वाढलं की सूज वाढते. श्रावण आणि पेरणीनंतरची निंदणी एकाच वेळी येतात. न बघता याहून जास्त सांगणार नाही.

केळीवाला_यावल · रात्री 9:31

निंदणीलाच असायचा तो. बरोबर.